गाडी नवी, शिकवणी जुनी

भारत एनकॅप म्हणजे गाडी आदळवून तिला सुरक्षेचे पाचपैकी तारे देणारी सरकारी चाचणी. तिच्यात गाडी समोरून आदळवतात तेव्हा तिचा वेग ताशी 64 किलोमीटर असतो. समोर चेपला जाणारा अडथळा असतो, त्यावर गाडीच्या रुंदीचा 40 टक्के भाग येतो आणि आत बसवलेल्या डमींना, म्हणजे माणसाच्या मापाच्या बाहुल्यांना, पट्टे व्यवस्थित बांधलेले असतात. गाडीला मिळणाऱ्या ताऱ्यांमागे या अटी आहेत. ऑक्टोबर 2023 पासून ही चाचणी आपल्याकडे सुरू झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या आंतरराष्ट्रीय संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांचे निकाल जाहीर केले, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले होते. तिथून दहा वर्षांच्या आत पाच ताऱ्यांची गाडी मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आली, ही लहान गोष्ट नाही.

पण समृद्धी महामार्गावर कारसाठी वेगमर्यादा 120 आहे. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 120 ला ती 64 च्या साडेतीनपट होते. त्या गाडीत मागच्या सीटवर आजी, आई आणि मांडीवरचं बाळ असतं, आणि तिघांपैकी कुणीही पट्टा लावलेला नसतो. ज्या अटींवर पाच तारे मिळाले त्यातली एकही अट इथे शिल्लक राहिलेली नाही. तरीही घरातला प्रत्येक जण निर्धास्त असतो, कारण गाडी फाइव्ह स्टार आहे.

गेल्या काही वर्षांत सरकारने गाडी बदलून घेतली. एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आलं, त्याच वर्षी जुलैपासून चालकापुढची एअरबॅग आली आणि 2022 उजाडताना शेजारच्या सीटपुढची एअरबॅगही सक्तीची झाली. पुढे सहा एअरबॅग सक्तीच्या करायच्या की नाही यावर दीड-दोन वर्षं चर्चा झाली, आणि अखेर सक्ती नको असं ठरलं. धुराचे निकष कडक झाले, इंधनाच्या वापरावर कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीने मर्यादा आली. हे सगळं कारखान्यात घडलं. या यंत्रणा चालतात कशा आणि चालवणाऱ्याकडून त्यांना काय हवं असतं, हे सांगण्याची जबाबदारी मात्र कुणावरच नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. गाडी सुरक्षित करण्याचा कायदा झाला, तसाच ती वापरायला शिकवण्याचाही व्हायला हवा.

धडक होते तेव्हा आत काय घडतं ते एकदा सावकाश पाहायला हवं, कारण प्रत्यक्षात ते पाहायला वेळ नसतो. बंपर टेकला की पुढच्या बाजूचे सेन्सर वेग किती झपाट्याने कमी होतोय हे मोजतात. पंधरा-वीस मिलिसेकंदांत संगणक ठरवतो की ही साधी ठोकर नाही. लगेच पट्ट्याच्या गुंडाळीतली छोटी स्फोटक कळ उडते आणि सैल असलेला पट्टा काही सेंटीमीटर मागे खेचून माणसाला सीटला घट्ट धरते. साधारण त्याच वेळी एअरबॅग पेटते आणि तीस ते पन्नास मिलिसेकंदांच्या दरम्यान पूर्ण फुगते. तोवर गाडीचं नाक चुरगळत असतं, आणि ते चुरगळावं असंच बनवलेलं असतं. पुढचा भाग जितका अधिक अंतरात दबेल तितका आतल्या माणसावरचा झटका कमी होतो. म्हणून नाकाचं पोलाद दबणारं ठेवतात आणि माणसं बसतात तो पिंजरा दबू नये अशा जास्त ताकदीच्या पोलादाचा करतात. मग माणूस पुढे ओढला जातो आणि पट्टा त्याला धरतो. ताण फार वाढला तर छातीची हाडं मोडू नयेत म्हणून पट्टा ठरल्या मापाने थोडा सैल सुटतो. डोकं एअरबॅगवर टेकेपर्यंत ती मागच्या भोकांतून हवा सोडू लागलेली असते. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास आटोपतं. पापणी लवायलाही साधारण एवढाच वेळ लागतो.

या क्रमात पट्टा पहिला आहे. एअरबॅग पट्ट्याच्या भरवशावर फुगते. माणूस अमुक जागी, अमुक वेगाने, सरळ तिच्याकडे येईल असं गृहीत धरून तिची वेळ बांधलेली असते. पट्टा नसेल तर ब्रेक लागतानाच माणूस पुढे घसरतो, आणि ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरच्या वेगाने बाहेर येणारी पिशवी अर्धवट फुगलेली असतानाच त्याच्या तोंडावर बसते. स्टिअरिंगपासून छाती निदान 25 सेंटीमीटर लांब ठेवा असं सांगतात ते याचमुळे. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावरच गणपतीची मूर्ती चिकटवलेली अनेक गाड्यांत दिसते. श्रद्धेचा मान राखूनच सांगतो, ती मूर्ती झाकणावरून काढून बाजूला बसवा. झाकण उघडतं तेव्हा त्यावरची प्रत्येक वस्तू माणसाच्या दिशेने सुटते.

तीन बिंदूंचा हा पट्टा 1959 मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन या अभियंत्याने आणला, आणि कंपनीने त्याचं पेटंट इतर सगळ्यांना वापरू दिलं. त्यानंतर गाडीत कितीतरी नव्या गोष्टी आल्या, पण मोटारीतल्या माणसाला वाचवण्यात या पट्ट्याइतका मोठा वाटा दुसऱ्या कशाचा नसेल. पट्ट्यामुळे मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यातल्या 16,715 जणांनी पट्टा लावलेला नव्हता, आणि या 16,715 मधले जवळजवळ निम्मे, म्हणजे 8,331 जण, गाडी चालवत नव्हते. ते नुसते बसलेले होते.

मागच्या सीटबद्दल महाराष्ट्राला वेगळं काही सांगावं लागू नये. 3 जून 2014 ला गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. केंद्रीय मंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता आणि ते मागच्या सीटवर होते. वाटेत गाडीला अपघात झाला आणि ते गेले. मागचा पट्टा म्हणजे शोभेची वस्तू या गैरसमजाने आपला मित्र गेला, पट्टा लावला असता तर ते वाचू शकले असते, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन म्हणाले होते. तो महामार्ग नव्हता, राजधानीतला शहरी रस्ता होता. ‘गावातल्या गावात कशाला पट्टा’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं. आठ वर्षांनी, 4 सप्टेंबर 2022 ला, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागड्या परदेशी कंपनीची होती आणि तिच्यात एअरबॅगची कमतरता नव्हती.

त्या अपघातानंतर महिना-दोन महिने मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. नोव्हेंबर 2022 मध्ये मुंबई वाहतूक पोलिसांनी मागच्यांनाही पट्टा बंधनकारक असल्याचं जाहीर केलं. नियम काही तेव्हा जन्मला नव्हता, केंद्रीय मोटार वाहन नियमांत तो आधीपासून होता, आणि 2019 च्या दुरुस्तीने त्यासाठी हजार रुपयांचा दंडही ठरला होता. आज मुंबईतल्या कुठल्याही सिग्नलला उभं राहून शेजारच्या गाड्यांमध्ये पाहा. पुढच्या दोघांच्या छातीवर पट्टा असतो आणि मागचे मोकळे असतात.

मागचा माणूस पट्टा लावत नाही तेव्हा धोका त्याच्या एकट्याचा नसतो. 80 च्या वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली तर मागची व्यक्ती 80 च्याच वेगाने पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन आदळते. तो मार साधारण 25 मीटर उंचीवरून, म्हणजे आठव्या मजल्यावरून खाली पडल्याइतका असतो. पुढच्याने पट्टा बांधलेला असतो, एअरबॅग त्याला समोरून सांभाळत असते, आणि पाठीमागून साठ-सत्तर किलोचं माणूस त्याच्यावर येतं. जपानमधल्या अपघातांचा एक अभ्यास 2002 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला होता. मागचे प्रवासी पट्ट्याविना असतील तर पट्टा लावलेल्या पुढच्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे पाचपट होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे मुलगा गाडी चालवतोय आणि आई मागे पट्ट्याविना बसलीय, तर तिच्या मोकळं बसण्याची किंमत मुलालाही मोजावी लागू शकते. आईला एवढं एक वाक्य नीट सांगितलं तर ती पट्टा लावेल, याची मला खात्री आहे. आजवर ते तिला कुणी सांगितलेलं नाही.

बाळ मांडीवर घेणं तर आपल्याला प्रेमाचंच वाटतं. 50 च्या वेगाला गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं बाळ हातांना त्या क्षणी सुमारे 140 किलोचं लागतं. कुणाच्याही हातात तेवढी ताकद नसते. त्यात बाळ पुढच्या सीटवर कुणाच्या मांडीवर असेल, तर एअरबॅग आणि मोठ्या माणसाची छाती यांच्या मधोमध येतं.

आता शोरूममध्ये चला. डिलिव्हरीच्या दिवशी काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. गाडीवरचं लाल कापड बाजूला होतं, हार-नारळ होतो, पेढे वाटले जातात, किल्लीची मोठी पुठ्ठ्याची प्रतिकृती हातात देऊन फोटो निघतो. मग सेल्समन अर्धा तास समजावतो. मोबाइल स्क्रीनला कसा जोडायचा, सनरूफ कसं उघडायचं, गाडी ॲपवरून लॉक कशी करायची. त्या अर्ध्या तासात मागच्या पट्ट्याचा विषय निघत नाही. ॲक्सेसरीजवाला त्याआधीच येऊन गेलेला असतो. त्याने घातलेल्या नव्या सीट कव्हरखाली मागच्या पट्ट्यांची बकलं दाबली गेलेली असतात, बोटं घालून शोधावी लागतात. सीटच्या कडेतून फुगणारी एअरबॅग असेल आणि कव्हर तिथे पक्कं शिवलेलं असेल, तर ती बाहेर येणार कुठून हे कुणी विचारत नाही. काही जण पुढे लोखंडी गार्ड लावून घेतात. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच अशा गार्डवर कारवाई करा असं राज्यांना कळवलं होतं. जे नाक दबायला बनवलंय त्याला गार्ड दबू देत नाही, आणि सेन्सरपर्यंत पोहोचणारा झटकाही बदलून टाकतो.

पट्टा न लावल्यावर वाजणारी घंटा बंद करायला बाजारात क्लिप मिळतात. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन बाजारांना त्या विक्रीतून काढायला लावल्या, आणि तेरा हजारांहून अधिक जाहिराती उतरल्या. पैसे मोजून माणूस स्वतःचं संरक्षण बंद करतो, याचा अर्थ तो मूर्ख आहे असा मी घेत नाही. ती घंटा का वाजते हे त्याला कधी पटवून दिलंच गेलं नाही, असा घेतो.

एबीएसचंही तसंच. जोरात ब्रेक दाबला की चाक जागच्या जागी लॉक होतं आणि गाडी घसरत सरळ जाते, स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही. एबीएस प्रत्येक चाकाचा वेग पाहतं आणि चाक लॉक व्हायला लागलं की त्याचा ब्रेक क्षणभर सोडून पुन्हा पकडतं, सेकंदाला अनेक वेळा. त्यामुळे ब्रेक लागलेला असतानाही गाडी वळवता येते. या सोड-पकडीमुळे पायाखालचं पेडल थरथरतं, करकर असा आवाज येतो. ज्याला हे माहीत नाही तो दचकतो, काहीतरी बिघडलं म्हणून पाय उचलतो, आणि नेमक्या त्या क्षणी वाचण्याची संधी घालवतो. जुन्या गाड्यांवर शिकलेले ब्रेक थोडा-थोडा मारत राहतात, कारण त्यांच्या उस्तादाने तसंच शिकवलेलं असतं. एबीएस असलेल्या गाडीत पाय पूर्ण दाबून धरायचा आणि अडथळा टाळून वळवायचं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मोकळ्या मैदानात, ओल्या जमिनीवर हे दोनदा करून दाखवलं तर जन्मभर पुरेल. दाखवतं कोण?

इंधनाच्या बाबतीत तर अज्ञान सरळ जिवावर उठतं. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की पेट्रोल वाचतं, असं निम्मा महाराष्ट्र मानतो. इंजिनात हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरच्या जमान्यात त्यात थोडंफार तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे संगणक मोजून इंधन सोडतो अशा गाडीत गिअर लागलेला असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की संगणक इंधनाचा पुरवठाच तोडतो. चाकं इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळे इंधन शून्य लागतं. न्यूट्रलला टाकलं की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पुन्हा इंधन द्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलला घाट उतरणारा जास्त पेट्रोल जाळतो. शिवाय इंजिनाची ओढ सुटलेली असल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, धरेनासे होतात, आणि मग लोक म्हणतात ब्रेक फेल झाला. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका मालवाहू गाडीने ओळीने अनेक गाड्या उडवल्या. चालकाने डिझेल वाचवायला गाडी उतारावर तशीच सोडून दिली होती, असं प्राथमिक तपासाच्या बातम्यांत आलं. कात्रजकडून नवले पुलाकडे येणाऱ्या त्या उतारावर त्याआधीही माणसं गेली आणि नंतरही. तिथे पाट्या लागल्या, वेग कमी केला गेला, आणि ते आवश्यकच होतं. पण न्यूट्रलने इंधन वाचत नाही हे वाक्य परवान्याच्या परीक्षेत आलं असतं, तर ते प्रत्येक चालकापर्यंत पोहोचलं असतं.

इंधन वाचवणाऱ्या बाकी यंत्रणांचं थोडक्यात सांगतो. सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच दाबताच सुरू होणारं इंजिन पहिल्या आठवड्यात लोकांना बिघाड वाटतं, आणि मग ते बटण कायमचं बंद होतं. हायब्रिड गाडी ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवते आणि गाडी उचलताना परत वापरते. त्यामुळे ती शहरातल्या कोंडीत खरी कमाई करते. हे सगळं चांगलंच आहे. पण शोरूममध्ये सांगितलेलं मायलेज प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक चक्रात मोजलेलं असतं, आणि त्या चक्रातला सर्वाधिक वेग ताशी 90 आहे. एक्स्प्रेसवेवर 120 ने जाणाऱ्याला तो आकडा मिळणार नाही, कारण हवेचा अडथळाही वेगाच्या वर्गानेच वाढतो. 80 च्या तुलनेत 120 ला तो सव्वादोनपट असतो. पेट्रोल वाचवणारी आणि जीव वाचवणारी गोष्ट एकच निघते, ती म्हणजे वेग आवरणं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे चौऱ्याण्णव किलोमीटर 100 ऐवजी 80 ने गेलं तर हिशेबाने चौदा मिनिटं जास्त लागतात. कोरड्या डांबरावर थांबायचं अंतर मात्र, विचार करायला लागणाऱ्या एका सेकंदासकट, सुमारे पंचवीस मीटरने कमी होतं.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, आधी रस्ते सुधारा. मला तो पूर्ण मान्य आहे. चारोटीच्या पुलाआधी रस्ता कसा अरुंद होतो यावर लिहिलं गेलं ते योग्यच होतं, आणि रस्ता बांधणाऱ्याला जबाबदार धरायलाच हवं. पण रस्ता सुधारायला वर्षं लागतात. मागचा पट्टा आज संध्याकाळी लावता येतो.

दुसरा आक्षेप असा की दंड म्हणजे वसुली आणि लोक त्याने सुधारत नाहीत. हा मला मान्य नाही. पुढच्या सीटचा पट्टा मुंबई-पुण्यात सवयीचा झाला तो चौकातल्या पोलिसामुळे आणि नंतर कॅमेऱ्यामुळे. सुरुवातीला दंडाला घाबरून लावला, आता न लावता बसलं की चुकल्यासारखं वाटतं. मागच्या सीटवर कॅमेऱ्याची नजर नीट पोहोचत नाही, म्हणून तिथे माणूस लागेल. फास्टॅग आला तरी टोल नाक्यावर गाडी हळू होतेच. तिथे मागच्या काचेतून आत पाहणारा एक पोलीस पुरेसा आहे. पहिले तीन महिने दंड न घेता फक्त बकल काढून पट्टा लावायला लावा. त्यानंतर दंड घ्या, आणि तो बिनचूक घ्या.

शिक्षणाचं म्हणाल तर 2021 पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी हलक्या वाहनाचा 29 तासांचा अभ्यासक्रम ठरलेला आहे. त्याच वर्षापासून राज्यात शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्याही देता येते. त्यात वाहतुकीच्या चिन्हांबरोबर पाच प्रश्न असे घाला: पेडल थरथरलं तर काय करायचं, उतारावर कुठला गिअर, मागचा पट्टा कुणासाठी, बाळ कुठे बसवायचं, एअरबॅगवर काय ठेवायचं नाही. पक्क्या परवान्याच्या चाचणीत रिव्हर्स आणि आठचा आकडा काढायला लावता, तसा एकदा पूर्ण ब्रेकही मारायला लावा. नव्या गाडीची नोंदणी होताना शोरूमने मागची तिन्ही बकलं कव्हरच्या वर काढून, ग्राहकाला पट्टा लावून दाखवल्याची सही घ्यावी. आज नोंदणीच्या कागदांत कितीतरी सह्या होतात, त्यात ही एक जड नाही.

आणि टॅक्सींचं पासिंग. विमानतळावरून, स्टेशनवरून रोज हजारो माणसं मागच्या सीटवर बसून घरी जातात. त्यातल्या कित्येक गाड्यांत पट्टा असतो पण बकल सापडत नाही, कारण कव्हर शिवून टाकलेलं असतं. पट्टा लावायचा म्हटलं तरी प्रवासी लावू शकत नाही. दर पासिंगला आरटीओचा निरीक्षक दिवे, ब्रेक, हॉर्न बघतो. त्याने मागच्या सीटवर स्वतः बसून तिन्ही पट्टे लावून पाहावेत, आणि एक जरी लागला नाही तरी गाडी पास करू नये.